लांब पिशवीतले चाप

डोळे मिटा बघू. नको, मिटू नका, मग वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

तुमच्या पुढ्यात दोन अरुंद, गुळगुळीत पट्ट्या उभ्या आहेत. तुमच्या हनुवटीला टेकतील एवढ्या उंच. त्यांना स्की म्हणतात. पायांत जडशीळ बूट चढवायचे, ते प्रत्येक पट्टीवरच्या पुढच्या-मागच्या दोन चापांत खट्‌कन अडकवायचे आणि बर्फाच्या उतारावरून सूं करत खाली यायचं. आता त्या चापाची गंमत ऐका. तुम्ही नीट उभे आहात तोवर तो बूट सोडत नाही. पण तुम्ही वेडेवाकडे पडलात, तर त्यानं बूट सोडलाच पाहिजे. नाही सोडला तर पट्टी एकीकडे वळते, पाऊल दुसरीकडे, आणि मधलं हाड बिचारं मोडतं. चापानं किती जोरानं धरायचं ते एका स्क्रूवर ठरतं. स्क्रूशेजारच्या इवल्या खिडकीत आकडा दिसतो. हलक्या मुलाला लहान आकडा, वजनदार माणसाला मोठा.

एवढं ध्यानात ठेवा. कारण खंडेनवमीच्या दुपारी नारायण पेठेत ललिता पेंडसे यांच्या कचेरीत एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, ती याच स्क्रूची तक्रार घेऊन.

ललिताबाई खाजगी चौकशीची कामं करत. त्यांचे मदतनीस दत्तोबा, पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दत्तोबांचं काळीज मोठं आणि डोकं सावकाश. त्या वेळी ते बाईंच्या स्कूटरला झेंडूची माळ बांधून नुकतेच वर आले होते.

"मी रुपाली देशमुख," बाई म्हणाली. "बाणेरला राहते. ही नम्रता. उद्या पहाटे तिला दुबईला जायचंय, स्कीच्या शर्यतीला."

"दुबईला? तिथं तर वाळू!" दत्तोबा म्हणाले.

"तिथं एका मोठ्या इमारतीच्या आत बर्फाचा उतार केलाय," नम्रता हळूच म्हणाली. "माझे बाबा कंपनीच्या कामासाठी तिथंच असतात. सुट्टीत मी तिथं शिकले."

"आणि आता कुणीतरी हिचा पाय मोडायला निघालंय," रुपाली म्हणाली.

हकिकत अशी होती. अभिनवसर बाणेरला चाकांच्या स्केटिंगचा वर्ग घेत. गेल्या हिवाळ्यात ते मुलांना बर्फावर घेऊन गेले होते. शर्यतीसाठी त्यांनी दोघंच निवडली, नम्रता आणि विश्वजीत. अष्टमीच्या संध्याकाळी सर नम्रताच्या घरी आले आणि त्यांनी तिच्याकडून सामान बांधून घेतलं. पट्ट्यांचे तळ एकमेकांना लावायचे, मध्ये मऊ कापड घालायचं, पट्टा आवळायचा. टोकांना जुनी चादर गुंडाळायची, कारण विमानतळावर सामान फेकताना मार बसतो तो टोकांना. अणकुचीदार काठ्याही याच पिशवीत, त्या विमानात हाती घेऊन बसू देत नाहीत. बूट मात्र स्वतःजवळ ठेवायचे. पिशवी हरवली तर पट्ट्या भाड्यानं मिळतात. आपल्या पायाला बसलेले बूट कुठं मिळणार?

"चापांचा आकडा सरांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला," नम्रता म्हणाली. "चारही चाप अडीचवर होते. मग पिशवीला कुलूप लावलं."

"किल्ली?"

"दाराजवळच्या खिळ्याला. हरवू नये म्हणून."

"म्हणजे कुलूप फक्त शोभेला," ललिताबाई म्हणाल्या. "पुढं?"

"सर म्हणतात, निघण्याआधी एकदा उघडून बघायचं आणि उतरल्यावर पुन्हा. म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर मी पिशवी उघडली. चारही चाप सातवर होते. सातच्या पुढं आकडाच नाही."

रुपालीनं पदर आवळला. "मधल्या वेळात बाहेरचं एकच माणूस त्या खोलीत गेलं होतं. विश्वजीत. आज सकाळी आपले हातमोजे हिच्या सामानात द्यायला आला. त्याच्या वडिलांनी हिंजवडीकडची जमीन विकून बंगले बांधले, पैशाला तोटा नाही. पण हिच्यापुढं त्याचा नंबर लागत नाही. मागच्या आठवड्यात वर्गात सगळ्यांसमोर म्हणाला, नम्रता पडली तर पहिला मीच."

"तो हसत म्हणाला होता, आई."

"हसत म्हणाला आणि करून दाखवलं! मघाशी फोनवर तूच त्याला काय बोललीस?"

नम्रतानं मान खाली घातली. "चोर म्हणाले."

"अभिनवसर म्हणतात, त्यानं केलं असेल तर ते त्याला नेणार नाहीत," रुपाली म्हणाली. "आणि खरं काय ते कळलं नाही तर मी हिला पाठवणार नाही. आज संध्याकाळपर्यंत काय ते सांगा."

"बाई, ह्यात शोधायचं काय हाय?" दत्तोबा जिना उतरताना पुटपुटले. "पोरगं गेलं, पोरगं आलं, स्क्रू फिरला."

"दत्तोबा, तुम्ही पोलिसात असताना किती निरपराध आत घातलेत हो?"

दत्तोबांनी गुपचूप हेल्मेट चढवलं.

*

देशमुखांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दार उघडलं ते नम्रताच्या आजोबांनी. बापूराव. उंच, वाकलेले, स्वच्छ सदरा, कपाळाला गंध. विदर्भातली त्यांची कापडगिरणी बंद पडल्यावर ते मुलाकडे पुण्यात आले होते.

"या बाप्पा, या. त्या पोट्ट्यानं काय केलं पाहा! आमच्या पोरीच्या वाईटावर काहून उठला तो?"

"बाबा, तुम्ही बसा. रक्तदाब वाढेल," रुपाली म्हणाली आणि पाहुण्यांना आत नेताना हळूच पुढं बोलली, "त्यांना मी सगळं सांगितलं नाही. विश्वजीतनं हिच्या सामानात खोडी केली, एवढंच. आणि सकाळी कोण आलं होतं ते विचारलं."

"दुसरं काही विचारलं नाहीत?"

"दुसरं काय विचारणार?"

"तेच तर," ललिताबाई म्हणाल्या.

दत्तोबा हात धुवायला बेसिनपाशी गेले. नळ काही उघडेना. त्यांनी दोन्ही हात लावले, दात-ओठ खाल्ले, तेव्हा कुठं पाणी आलं, तेही एकदम, सगळ्या शर्टावर.

"नव्या इमारतीतले नळ असलेच," ते शर्ट झटकत म्हणाले.

बैठकीच्या कोपऱ्यात नवमीची पूजा मांडली होती. मिक्सर, शिवणयंत्र, इस्त्री, नम्रताच्या बाबांचा, आनंदरावांचा, जुना लॅपटॉप, नम्रताची कंपासपेटी आणि स्क्रूड्रायव्हर-पान्यांचा एक डबा. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. शिवणयंत्राचं चाक आरशासारखं चमकत होतं.

"सुरेख मांडलीय पूजा," ललिताबाई म्हणाल्या.

बापूराव खुलले. "आता कुठचं काय! आमच्या गिरणीतली नवमी पाहायला पाहिजे होती तुम्ही. पहाटेपासून सेवा चालायची. यंत्राची सेवा झाल्याशिवाय पूजा नाही. या घरात काय आहे सेवा करण्यासारखं? पोरगा तिकडं दुबईत दिवसभर त्या डबीवर बोटं आपटते. तिले ना चाक, ना दांडा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काड्या तशाच पसरलेल्या होत्या, नाकतोडा बसावा तसा तो चष्मा दिसत होता.

नम्रता दाराचं तोरण पूर्ण करत होती. दोरा तिनं दातांनी तोडला.

"कात्री नाही का ग घरात?" दत्तोबांनी विचारलं.

"आहे. पण आज चालतच नाहीये."

ललिताबाईंनी पिशवी उघडली. अभिनवसर तोवर येऊन पोचले होते. तरुण, उन्हानं रापलेले आणि अतिशय अस्वस्थ. त्यांनी पट्ट्या जमिनीवर ठेवल्या. चादरीला एक तेलकट डाग होता. ललिताबाईंनी भिंग काढून चारही स्क्रू निरखले.

"सर, हे स्क्रू फिरवायला काय लागतं?"

"रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. मुलं कधीकधी नाणं वापरतात, मग खाच चेचली जाते."

"इथं खाच कोरी करकरीत आहे. आणि चारही अगदी टोकाला नेलेले. हा पिवळा डाग कशाचा?" त्यांनी पट्टीच्या टोकाजवळ, वरच्या रंगीत बाजूला बोट ठेवलं. पुसट, अंगठ्याएवढा डाग.

"मेण असेल. उबदार बर्फासाठी पिवळं मेण असतं, त्यानं पट्टी चांगली सरकते."

"ते कुठं लावतात?"

"तळाला. बर्फाला टेकते ती बाजू."

"हं," ललिताबाई म्हणाल्या आणि पट्टी परत ठेवली.

मग विश्वजीत आला. रुंद खांद्यांचा, महागडे बूट घातलेला, पण रडून डोळे सुजलेले.

"मी नाय केलं काय," तो आल्या आल्या म्हणाला. "मी जस्ट ग्लव्हज ठेवले. पिशवीवर. आणि गेलो."

"पिशवीवर? आत नाही?"

"नाय. मी झिप उघडलीच नाय."

"नम्रता, तुला हातमोजे कुठं सापडले?"

नम्रतानं त्याच्याकडं पाहिलं नाही. "आत. काठ्यांच्या खाली."

बापूरावांनी "पाहा!" म्हणून मांडीवर थाप मारली. अभिनवसरांनी कपाळाला हात लावला. दत्तोबांना वाटलं, झालं, खटला संपला. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते खोटं बोलणारा चेहरा ओळखायला शिकले होते, आणि हा चेहरा खोटं बोलत होता यात शंकाच नव्हती.

"ते मोजे आण बघू," ललिताबाई म्हणाल्या.

मोजे जाडजूड होते. बाईंनी एकात हात घातला आणि वर्तमानपत्राची पुडी बाहेर काढली. पुडीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. कुंकू लावलेल्या.

"अरे!" अभिनवसर ओरडले. "मी बजावलं होतं ना, सुकं खोबरं विमानात चालत नाही? तेलकट असतं, पेट घेतं. सामान अडवून ठेवतात!"

विश्वजीतच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. "आज्जीनं दिलं. म्हणली, देवीचं हाय, परमुलखात जाताना जवळ पाहिजेच. तिला नाय म्हणलं तर लय रडती. तुम्ही माझी बॅग चेक करणार होता, म्हणून हिच्या बॅगेत टाकलं. तिकडं जाऊन काढणार होतो."

"आणि नम्रताची पिशवी विमानतळावर अडकली असती तर?" ललिताबाईंनी विचारलं.

ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दत्तोबा पुढं सरसावले. "बाई, म्हणजे चादरीवरचं तेल खोबऱ्याचं! पिशवी यानं उघडली हे यानंच कबूल केलं. आता स्क्रूचं कबूल करायला कितीसा वेळ?"

"चादर हुंगा, दत्तोबा."

दत्तोबांनी हुंगली. "वास नाही यायला कसला."

"खोबऱ्याच्या तेलाला वास नाही? सर्दी झालीय का तुम्हाला?"

दत्तोबांनी पुन्हा हुंगली. खोबऱ्याचा वास खरंच नव्हता. मग हे तेल आलं कुठून? त्यांनी खोलीभर नजर फिरवली. रुपाली, अभिनवसर, बापूराव, दोन्ही मुलं. यांच्यापैकी कुणीतरी? सख्ख्या घरातलं? त्यांच्या ओल्या शर्टाखाली शहारा आला.

ललिताबाई खुर्चीत टेकल्या. "सगळे बसा. दत्तोबा, तुम्हीही. तुम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलात, नम्रताचं वाईट कुणाला हवं होतं? उत्तर चुकलं, कारण प्रश्नच चुकला. ज्याला पाय मोडायचाय तो काय करेल? एक चाप आवळेल, घाईघाईनं, मिळेल त्या वस्तूनं, आणि पळेल. इथं चारही स्क्रू सारखे आवळलेत, खाचेला ओरखडा नाही. हा हात घाईतला नव्हता, शिकलेला होता. शिवाय त्यानं चापांना तेल दिलं. दत्तोबा, तुम्ही कुणाचा घात करायला जाताना त्याच्या सायकलीला तेल घालाल का?"

"नाही बा," दत्तोबा म्हणाले.

"मग पिवळा डाग. मेण तळाला लागतं, डाग वरच्या बाजूला होता. आज नवमी आहे. आज या घरात पिवळं काय काय आहे ते त्या कोपऱ्यात बघा. पुसलं तरी न जाणारं."

सगळ्यांच्या माना पूजेकडे वळल्या. मिक्सरवर, इस्त्रीवर, कंपासपेटीवर हळदीची बोटं उमटली होती.

"आता हा नळ, जो दत्तोबांच्या बापाला उघडत नाही. ही कात्री, जी काल चालत होती आणि आज चालत नाही. आणि टेबलावरचा हा चष्मा." त्यांनी चष्म्याची काडी मिटायचा प्रयत्न केला. काडी हलेना. "या घरात ज्याला ज्याला स्क्रू आहे, तो तो आज आवळला गेलाय." मग त्या वळल्या आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बापूराव, आज पहाटे तुम्ही कशाकशाची सेवा केलीत?"

बापूरावांनी अभिमानानं बोटं मोजायला घेतली. "शिवणयंत्र. मिक्सर. इस्त्री. कुकरचा दांडा. नळ, तो टपकत होता. कात्री ढिली झाली होती. माझा चष्मा. आमचे मुकादम म्हणत, ढिलं यंत्र देवीपुढं ठेवलं तर देवी पाठ फिरवते. अन् पोरीच्या पट्ट्या. घरात खरं यंत्र म्हणावं असं तेवढंच तर आहे, स्प्रिंग काय, चाप काय! अन् काय सांगू बाई, सगळ्यांत ढिलं तेच होतं. सातपर्यंत जागा, अन् कारागिरानं सोडलं अडीचवर. पोरगी परमुलखात जाऊन राहिली, चाप निसटला तर पडन ना! म्हटलं, पक्कं करून देऊ. पट्ट्या पूजेला ठेवायच्या तर पोरीनं बांधून ठेवलेलं, म्हणून तिथंच हळदकुंकू लावलं, पुसलं अन् होतं तसं गुंडाळून..."

बोलता बोलता त्यांनी नम्रताच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग रुपालीच्या. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"काय झालं?"

अभिनवसर त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि हातानं दाखवत समजावू लागले. चाप पडल्यावर सुटायलाच हवा. आवळला तर पाय अडकतो. बापूराव ऐकत होते. सगळी हयात गिरणीत गेलेल्या माणसाला अडकलेला पाय म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

"म्हणजे पोरीचा पाय मीच..." ते म्हणाले. "अन् मी त्या लेकराले शिव्या देऊन राहिलो."

"बाबा, मी विचारलंच नाही तुम्हाला," रुपाली म्हणाली. तिचाही आवाज उतरला होता. "कोण आलं होतं, एवढंच विचारलं."

"ते तर त्यांनी खरं सांगितलं," ललिताबाई म्हणाल्या. "त्यांच्या लेखी पट्ट्या कुणी बिघडवल्याच नव्हत्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या होत्या. बिघडवणाऱ्याला शोधत बसलो असतो तर दुरुस्त करणारा जन्मात सापडला नसता. आणि विश्वजीत, खोबरं आजीला परत दे. खरं सांगून दे. रडू दे तिला थोडं, ती रडून मोकळी होईल. तू आज दिवसभर रडलास की."

बापूराव उठले. पूजेतला पान्यांचा डबा त्यांनी उचलला, झाकण लावलं आणि तो रुपालीच्या हातात दिला.

"हा कुठंतरी माळ्यावर टाकून दे. आजपासून मी कशालेच हात लावणार नाही."

ते खुर्चीत बसले, तेव्हा आणखी वाकलेले दिसले. दत्तोबांना आपल्या निवृत्तीचा दिवस आठवला. टोपी काढून ठेवली तेव्हा डोक्याला वारा कसा गार लागला होता, ते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कंपनीची बस माणसं उतरवत होती, प्रत्येकाच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी.

नम्रता उठली.

तिनं आईच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं आणि रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर निवडला. एक पट्टी उचलून आजोबांच्या मांडीवर आडवी ठेवली. टेबलावरचा न मिटणारा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. मग स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात देऊन त्यांच्या पायाशी बसली.

"आबाजी, उलटा फिरवा. हळू. सर बघतील नंतर. आकडा मी वाचते."

बापूरावांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत टेकवलं, पण तो फिरवला नाही. नम्रतानं आकड्याच्या इवल्या खिडकीत डोकावलं आणि मागं न वळताच म्हणाली, "विश्वजीत, चोर म्हणाले ते चुकलं माझं. इथं बॅटरी धर ना, आतलं दिसत नाहीये."

विश्वजीतनं रुपालीकडं पाहिलं. रुपालीनं फडताळातून बॅटरी काढली आणि स्वतः त्याच्या हातात दिली. तो नम्रताच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. उजेड खिडकीवर पडला.

स्क्रू वळू लागला, आणि वळता वळता बापूरावांची वाकलेली पाठ थोडी सरळ झाली.

"साडेतीन," नम्रता वाचत होती. "तीन. अजून थोडं. अजून... थांबा!"

हात तिथल्या तिथं थांबला.

"अडीच," ती म्हणाली. "आता दुसरा."